विद्यापीठांच्या कॉयरमध्ये (समूहगायनाच्या वृंदात) फक्त मुलगे आणि पुरुषच का? नक्की कोणती परंपरा जपायची?

सांजस्वर:
नाताळच्या आदल्या दिवशी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून (प्रार्थनागृहातून) होणारं प्रक्षेपण मी दरवर्षी न चुकता ऐकते. सुरुवात एका मुलाच्या आवाजाने होते. साथीला काहीच नाही, ऑर्गनसुद्धा नाही. कोण गाणार हे त्या मुलांनाही माहीत नसतं. काही जणांची तयारी करून घेतलेली असते आणि अगदी ऐन वेळी संचालक एकाला खूण करतात. तो पहिला स्वर लागला की अंगावर काटा येतो.

हे कॉलेज सहाव्या हेन्रीने १४४१ साली स्थापलं आणि कॉयरमध्ये सोळा मुलगे असावेत असं ठरवून दिलं. आजही सोळाच आहेत. त्यांच्या जोडीला खालचे आवाज कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांचे. पण १९७२ पासून याच कॉलेजात मुली शिकतात आणि या कॉयरमध्ये त्यांना अजून जागा नाही. परंपरा म्हणून हे सांगितलं जातं. नाताळचा तो सोहळा मात्र १९१८ चा, पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या एरिक मिलनर-व्हाइट या डीनने सुरू केलेला, आणि रेडिओवर तो आला १९२८ मध्ये. त्या पिढीला नवं काही करता आलं, मग आपल्याला का नाही? माझं मत स्पष्ट आहे: दारं उघडा.

मंद्र:
धागा चांगला काढलात, पण मत अजिबात पटलं नाही. फुटण्याआधीचा मुलाचा आवाज हे एक वेगळंच वाद्य आहे आणि त्याचं आयुष्य फार थोडं. मुलगा लहानपणी येतो, सुरुवातीला नुसती उमेदवारी करतो, आणि जरा कुठे तयार झाला की बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटतो. ऐन भरातली दोन-तीन वर्षं हाती लागतात. ही घडण शतकानुशतकं चालू आहे म्हणून टिकली. एकदा साखळी तुटली की पुन्हा जोडणारं कोणी नसेल.

आणि मुलींना गायला जागा नाही असं कुठे आहे? किंग्जचाच मिश्र वृंद सोमवारची सांजप्रार्थना गातो. शेजारच्या क्लेअर कॉलेजचा मिश्र कॉयर तर उत्तम आहे. सगळे कॉयर एकसारखे कशाला करायचे?

सांजस्वर:
@मंद्र, सोमवार एक दिवस आला, बाकीचे दिवस कोणाचे? आणि मुलांच्या आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य करूनही ऑल्टोचा, म्हणजे वरून दुसऱ्या ओळीचा, प्रश्न उरतोच. तिथे मुलगे नाहीत, मोठे पुरुष वरच्या पट्टीत गातात. त्या ओळीत एखादी मुलगी उभी राहिली तर कोणतं वाद्य मोडतं?

निळाई:
मी परदेशात शिकताना तिथल्या विद्यापीठाच्या मिश्र कॉयरमध्ये दोन वर्षं ऑल्टो गायले. शेजारी काउंटरटेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा पुरुष असायचा, आमची ओळ एकच. लांबलेला स्वर मधेच तुटू नये म्हणून शेजारच्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. कोणी कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने स्वरलिपीवर लिहून ठेवायचं. माझ्या कागदांवर या खुणा इतक्या असायच्या की शब्द शोधावे लागत.

सोळाव्या शतकातल्या रचना आल्या की संचालक आम्हा बायकांकडून आवाजातला कंप पार काढून घ्यायचे. आठवडेच्या आठवडे तेवढंच. शेवटी ध्वनिमुद्रण ऐकताना त्याचा स्वर कुठला आणि माझा कुठला हे मलाच सांगता येईना. म्हणून "बायकांचा आवाज त्या संगीताला शोभत नाही" हे मला पटत नाही. शोभेसा करून घेणारा शिक्षक लागतो.

मंद्र:
@निळाई, अनुभव मोलाचा आहे. ऑल्टोपुरतं मी मागे यायला तयार आहे. पण केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजचं पाहा. त्यांनी २०२२ पासून मुख्य कॉयरमध्ये मुली आणि स्त्रिया घेतल्या, सगळीकडून कौतुक झालं. मग २०२४ मध्ये कॉलेजने आपला दुसरा, २०१३ पासूनचा मिश्र वृंद बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात गाणाऱ्या मुलामुलींना काय वाटलं असेल? पहिल्यामुळेच दुसरं झालं असं माझं म्हणणं नाही. पण पैसा आणि तालमीचा वेळ मोजकाच असतो, दारं उघडा म्हणताना तेही बघायला हवं.

चौथी_ओळ:
तुम्ही दोघंही केंब्रिजमध्येच अडकलात. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे बघा. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६६ मध्ये काढलेली ही शाळा पाच वर्षांत पैशाअभावी बंद पडायला आली. खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ मुलामुलींना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ ला दौऱ्यावर निघाले. त्यातले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. सुरुवातीला श्रोत्यांना रुचतील अशी प्रचलित गाणी गायले. आईवडिलांकडून आलेली स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामगिरीतली भक्तिगीतं, चारचौघांत गायची त्यांना इच्छा नव्हती, कारण ती त्यांच्या दुःखाची, आपसातली होती. पण तीच गायला लागल्यावर लोक हलले. त्या पैशातून जुबिली हॉल उभा राहिला. आजही तिथले गायक ६ ऑक्टोबरला त्या मूळ गायकांच्या थडग्यांशी जाऊन गातात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाचं. १९०९ पासूनच्या व्हिफनपूफ्स या पुरुषांच्या गायनवृंदात २०१८ मध्ये पहिली मुलगी आली, टेनर (पुरुषी आवाजांतली वरची ओळ) म्हणून. पट्टी बदलली नाही, आवाजांची मांडणी बदलली नाही. ज्याचा आवाज त्या पट्टीत बसेल त्याने गावं, एवढंच केलं.

सांजस्वर:
@चौथी_ओळ, हेच मला म्हणायचं होतं, मला असं नेमकं मांडता आलं नाही. चाचणी आवाजाची घ्या.

मंद्र:
मोठ्यांच्या ओळींना हे चालेल, मी हो म्हणतो. पण वरच्या सोळा जागा मुलग्यांच्याच राहाव्यात. मुलींसाठी वेगळे सोळा जण घ्या, वेगळी तालीम लावा, दोघांना आळीपाळीने प्रार्थना द्या. खर्च वाढेल, वाढू दे.

निळाई:
मग २४ डिसेंबरला ती पहिली ओळ कोण गाणार?

मंद्र:
त्या वर्षी ज्याची किंवा जिची पाळी असेल तो. हे लिहिताना मला जड गेलं, पण लिहितो.