मोठ्यांचा अभ्यास घेताना धाकट्यांना कुठे गुंतवायचं?

चौघांची आई

आमच्या चारही मुलांचं शिक्षण घरीच चालतं. थोरली दहा वर्षांची, तिच्या पाठचा आठाचा, मग साडेतीन वर्षांची एक आणि सगळ्यात धाकटा दीड वर्षाचा. मोठ्या दोघांच्या अभ्यासाबद्दल मला शंका नाही. दोघं मनापासून शिकतात. प्रश्न साडेतीनवालीचा आहे.

थोरलीचा सध्या दोन अंकी संख्येनं भागायचा भागाकार चाललाय. भाग किती वेळा जाईल याचा अंदाज तिला अजून येत नाही, त्यामुळे मला शेजारी बसावंच लागतं. नेमक्या त्याच वेळी ही टेबलावर चढते, खोडरबर पळवते, ताईच्या वहीवर रेघोट्या मारते. 'जा, खेळ जा' म्हटलं तर खेळण्यांची टोपली पालथी करून परत माझ्या मांडीवर. घरात खेळण्यांना तोटा नाही. मोबाइल दिला की शांतता होते, पण तो काढून घेताना जो आकांत होतो त्यात उरलेला अभ्यास बुडतो. शिवाय रोजची शांतता मोबाइलकडून घेणं मला पटत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आठाचा मुलगा हल्ली तिला पाहिलं की म्हणतो, 'आई, हिला बाहेर ने ना.' बहिणीची त्याला अडगळ वाटू लागलीय. त्याचं हे वाटणं पक्कं व्हायच्या आत मला काहीतरी करायचंय. ज्यांनी लहान-मोठी मुलं एकत्र शिकवली आहेत, त्यांनी तुमच्या घरात प्रत्यक्ष काय चालतं ते सांगाल का?

जुनी पाटी

ताई, माझीही चार. आता सगळी मोठी झाली, पण तुम्ही लिहिलेलं ते टेबल मला अगदी दिसलं. सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी क्रम उलटा करा. आपण दिवसभर धाकटीला 'थांब, आधी दादाचं होऊ दे' असं सांगत असतो. त्याऐवजी सकाळची पहिली वीसेक मिनिटं तिला द्या, तीही पूर्ण. हातात फोन नको, भाजी चिरणं नको, फक्त ती आणि तुम्ही. तेवढ्यात मोठ्यांना एकट्यानं जमणारं काम द्यायचं: शुद्धलेखन, पाढे, कालच्या धड्याचं वाचन. आईची भूक भागली की मूल सुटं होतं. ती मांडीवर येते ती खेळणी कमी पडतात म्हणून नव्हे, तुम्ही तिच्या वाट्याला आलेल्या नसता म्हणून.

दुसरं, टोपली उचलून ठेवा. त्याऐवजी मोजकेच ट्रे तयार करा आणि ते फक्त अभ्यासाच्या वेळीच खाली काढा. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथल्या मुलांना खेळण्यांपेक्षा खरं काम जास्त आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ओतणं, पुसणं, बटणं लावणं, घड्या घालणं. माझ्याकडचे ट्रे तसेच होते. दोन छोटे मग आणि एकातून दुसऱ्यात ओतायला थोडं पाणी. चिमटा आणि कापसाचे बोळे. जाड दोरी आणि मोठे मणी. निरनिराळ्या आकाराचे डबे आणि त्यांची झाकणं. ओला बोळा आणि पुसायला पाटी. यातला पाटी पुसण्याचा ट्रे सर्वांत जास्त चालला, का ते मला आजही कळलेलं नाही.

ट्रे नुसता पुढे सरकवायचा नाही. आधी आपण शेजारी बसून, न बोलता, अगदी सावकाश एकदा करून दाखवायचं. बोलत बोलत दाखवलं की मूल तोंडाकडे पाहतं, हाताकडे नाही. सांडलेलं पुसायचं फडकं त्याच ट्रेमध्ये हवं, म्हणजे सांडणं हाही कामाचाच भाग होतो आणि तुम्हाला उठावं लागत नाही. एका वेळी एकच ट्रे. तो जागेवर ठेवला की दुसरा. तिचा कंटाळा दिसू लागला की तो ट्रे आठवडाभर नजरेआड करा, परत काढाल तेव्हा नवा वाटेल.

तिसरी गोष्ट तिच्या जागेची. तिला दुसऱ्या खोलीत पाठवू नका. मिल्ड्रेड पार्टन या संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळणं. एकमेकांत मिसळायचं नाही, पण सोबत हवी. साडेतीनच्या मुलीला पुष्कळदा एवढंच हवं असतं. तुमच्या टेबलाला लागून तिचं बुटकं टेबल ठेवा, तिची स्वतःची वही, स्वतःचे जाड खडू आणि स्वतःचं खोडरबर द्या. ताईच्या वहीवरच्या रेघोट्या ही तिची 'मलाही अभ्यास आहे' अशी मागणी आहे.

आता भागाकार. थोरलीला तुम्ही पूर्ण तासभर लागत नाही, फक्त अंदाज चुकतो तिथे लागता. गणित सुरू करण्याआधी भाजकाचा एक ते नऊपर्यंतचा पाढा तिच्याकडून समासात लिहून घ्या. २३ नं भागायचं असेल तर २३, ४६, ६९ असं २०७ पर्यंत. मग भाग किती वेळा जातो ते ती स्वतः बघेल. पहिली दोन उदाहरणं तुमच्यासमोर, पुढची एकटीनं, अडलं तर त्यावर खूण करून पुढे जायचं. नवा धडा मात्र धाकट्याच्या झोपेच्या वेळेतच घ्या. ती वेळ कपडे आणि भांड्यांना देऊ नका.

आणि मुलाबद्दल. थोरलीच्या गणिताच्या वेळी पंधरा मिनिटं धाकटीची जबाबदारी त्याच्याकडे सोपवा, पण राखण म्हणून नाही, शिकवणं म्हणून. तो तिला एक गोष्ट वाचून दाखवेल, किंवा डब्यांची झाकणं जुळवायला शिकवेल. आठाच्या मुलाचं मोठ्यानं वाचन तसंही व्हायलाच हवं असतं, आणि अडखळलं तरी न हसणारा असा श्रोता त्याला दुसरा मिळणार नाही. वेळ संपली की त्याला नक्की मोकळं करा. 'अजून जरा बघ तिला' म्हणत ती वाढत गेली, तर अडगळ वाटणं वाढेल.

सिस्टर

मी मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून सुरक्षेपुरतं लिहिते. वरचे ट्रे उत्तम आहेत, पण घरात दीड वर्षाचं बाळही आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी तपासणीची नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात मावणारी वस्तू या वयाला नको. म्हणजे मणी, बिया, गोट्या, नाणी हे साडेतीनवालीचे ट्रे उंच टेबलावर आणि बाळ झोपलेलं असतानाच. पाण्याचा ट्रे कितीही उथळ असला तरी मोठ्या माणसाच्या नजरेसमोर हवा आणि काम झालं की लगेच ओतून द्यायचा. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी ताकदवान लोहचुंबकं घरात कुठे आहेत ते आजच बघा. मोठ्यांच्या विज्ञानाच्या पेटीत ती हमखास असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा करते. अशी शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

रात्रपाळीचा बाबा

आमच्या घरी सकाळचा अभ्यास मी घेतो. दोन मुलं, नऊ आणि चार. माझा अनुभव असा की चाराच्याला बसवण्याआधी दमवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली ६० मिनिटं तरी चांगली धावपळीची हवीत असं म्हटलंय. बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या आत, आणि तेही जितकं कमी तितकं बरं. म्हणून आम्ही वह्या उघडायच्या आधी बाहेर पडतो. पाऊस असेल तर घरातच उश्यांवरून उड्या, टेबलाखालून रांगणं, जमिनीवर चिकटपट्टीची रेघ ओढून तिच्यावरून तोल सांभाळत चालणं. नऊवालाही सोबत असतो, त्यालाही ते हवंच असतं.

आणि सगळं वेगवेगळं शिकवायची गरज नाही. इतिहास, विज्ञान, कविता मी सगळ्यांना एकत्र मोठ्यानं वाचून दाखवतो. धाकटा चित्र रंगवत ऐकतो. त्याला काय कळतं असं वाटेल, पण परवा जेवताना त्यानं ज्वालामुखीतून लाव्हा का बाहेर येतो ते आजीला सांगितलं.

चौघांची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. समासात पाढा लिहिण्याची युक्ती आजच केली, थोरलीनं तीन उदाहरणं मला न विचारता सोडवली. विज्ञानाच्या पेटीतली चुंबकं कपाटात वर गेली. मुलाला 'तू हिला शिकवशील का' असं विचारल्यावर त्यानं आधी 'वेळ लावणार ना?' असं विचारलं आणि मग तयार झाला.

एकच राहिलं. दीड वर्षाच्याची झोप झाली की तो धाकटीचा ट्रे उपडा करतो आणि तिचं रडणं सुरू. त्याचं काय करू?

जुनी पाटी

त्या वयाला आत टाकणं आणि बाहेर काढणं एवढंच काम असतं, तेच त्याला भरपूर द्या. मोठं खोकं, त्याला वरून एक भोक आणि आत टाकायला गुंडाळलेले मोजे. खालच्या खणात फक्त त्याचे म्हणून न फुटणारे डबे. तो जागा असताना धाकटीचा ट्रे वर, तुमच्या टेबलावर, तुमच्या कोपराशी ठेवा. तिच्या कामाला दादाच्या वहीइतकाच मान आहे हेही तिला त्यातून दिसेल. तरी किरकिर थांबली नाही तर त्याला पाठीशी बांधा आणि उभ्यानं शिकवा. माझं तिसरं मूल बरंचसं व्याकरण माझ्या पाठीवरूनच ऐकत होतं.

दात येत असतील किंवा ताप असेल त्या दिवशी फक्त गणित आणि वाचन घ्या, बाकी सोडून द्या. आणि तुमच्या मुलानं वेळ लावायला सांगितली ना, तर घड्याळ त्याच्याच हातात द्या.