‘मी’ म्हणून बोलणाऱ्या कर्णाचं वाचकाने किती ऐकायचं?

शमीवृक्ष
कर्णाचा विषय निघाला की आपल्याकडे भल्याभल्यांचा गळा दाटून येतो. माझं म्हणणं असं, की आपल्या मनातला हा कर्ण व्यासांचा कमी आणि शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा (१९६७) जास्त आहे. सावंतांनी कादंबरी सहा जणांच्या तोंडी दिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. सगळे ‘मी’ म्हणून बोलतात. त्यात कर्णाची आई आहे, बायको आहे, भाऊ आहे, मित्र आहे. द्रौपदी नाही.

आता महाभारतातली द्यूतसभा आठवा. विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच भाऊ, उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला गप्प कोण करतो? कर्ण. तिला ‘बंधकी’, म्हणजे कुलटा, म्हणतो तो कर्ण, आणि पांडवांची नि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. हा प्रसंग द्रौपदीच्या ‘मी’तून वाचायला मिळाला असता, तर कर्णाबद्दलचा आपला उमाळा टिकला असता? मला नाही वाटत. लेखक ज्याच्या मनात आपल्याला नेऊन बसवतो, त्याची वकिली आपण आपसूक करायला लागतो.

गोदाकाठ
अजिबात पटलं नाही. वाचकाला तुम्ही फारच भोळा समजताय. ‘मी’ म्हणणारा माणूस स्वतःची बाजू मांडणार, हे शाळकरी पोरालाही कळतं.

आणि मूळ महाभारत तटस्थ आहे, हे कशाच्या जोरावर गृहीत धरलंत? वैशंपायन ही कथा सांगतो कुणाला? जनमेजयाला, अर्जुनाच्या पणतूला, त्याच्याच सर्पसत्रात! तीच पुढे सौती हा कथेकरी नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ऐकवतो. जिंकलेल्या घराण्याचा यजमान समोर बसलाय, तिथे हरलेल्याचं मन कितीसं उघडं होणार? सावंतांनी त्याला बोलतं केलं. द्रौपदीला प्रकरण नाही हे खरं, पण कादंबरी कर्णाची आहे. सगळ्यांना सारखं बोलू दिलं की कुणाचंच दुःख आतपर्यंत पोचत नाही.

माजघर
गोदाकाठ, यजमानाचा मुद्दा उलट्या बाजूनेही बघा. रथाचं चाक जमिनीत रुतलेलं असताना अर्जुनाने कर्णाला मारलं, हे अर्जुनाच्याच पणतूला ऐकवलंय. द्रोणांना कसं फसवलं तेही झाकलेलं नाही. श्रोता कोण हे बघून कथा वाकलीच असेल, असं यावरून तरी म्हणवत नाही.

पण सगळा दोष ‘मृत्युंजय’च्या माथी मारणंही मला मान्य नाही. ‘सूताला मी वरणार नाही’ हे स्वयंवरातलं द्रौपदीचं वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, १९६६मध्ये पूर्ण झाली, तिच्या मुख्य संहितेत ते नाही. म्हणजे स्वयंवरात अपमान झाला म्हणून सभेत सूड, ही साखळी कुणीतरी मागाहून जोडली. ऐकणाऱ्याला कारण हवं असतं. आवडत्या माणसाचं नुसतं क्रौर्य आपल्याला सोसत नाही, त्यामागे जुनी जखम लागते. कादंबरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ही जखम आपण जपत आलोय.

सोनचाफा
महाभारतातल्या व्यक्तींवरचं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही १९६७चंच, हे कुणाच्या लक्षात आलं का? तिथे कर्णाला सहानुभूतीची सवलत नाही. घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गाईगुरं बघायला जातात तेव्हा, गंधर्वांपुढे कर्ण रण सोडून जातो, दुर्योधन पकडला जातो आणि त्याला सोडवतात पांडव. जिवलग मित्र म्हणून कर्णाचे गोडवे गाताना हा प्रसंग कुणी काढत नाही. आमच्या घरी आई ‘मृत्युंजय’वाली आणि मी ‘युगान्त’वाली. वाद अजून मिटलेला नाही.

गोदाकाठ
माजघर, वाक्य मागाहून आलं असेल तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते ठेवून घेतलं. माझ्या लेखी तेही महाभारतच. संहिता ठरवणं संशोधकांचं काम, पण गोष्ट ऐकणाऱ्यांचीही असते.

शमीवृक्ष, तुमच्यासाठी एक सांगतो. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचं जन्मरहस्य सांगतो. तेव्हा कर्ण म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतोय. हे चिकित्सित आवृत्तीतही आहे. म्हणजे मनातलं बोलणारा कर्ण व्यासांकडेच आहे, सावंतांनी त्याला फक्त अधिक जागा दिली.

शमीवृक्ष
तो श्लोक मलाही फार जवळचा आहे, आणि त्या क्षणी कर्ण खरोखर मोठा वाटतो. पण तो नीट वाचा. ‘पांडवांना’ बोललो, एवढंच तो म्हणतो. द्रौपदीचं नाव त्या वाक्यात नाही.