गॅफकॉनने कँटरबरीशी नातं तोडलं. पण स्माइथ प्रकरणाचं उत्तर कोण देणार?

शरणपूरकर

जय ख्रिस्त. महिनाभर आपल्या सगळ्या ग्रुपांवर तेच तेच फॉरवर्ड फिरतायत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

३ ऑक्टोबर २०२५ ला लंडनच्या बिशप सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांतल्या मानाच्या पहिल्या पदासाठी, जाहीर झालं. चौदाशे वर्षांत या पदावर पहिल्यांदाच स्त्री आली. १६ तारखेला गॅफकॉनचे, म्हणजे जुनी शिकवण धरून ठेवणाऱ्या जगभरच्या अँग्लिकनांच्या संघटनेचे, अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांचं पत्रक आलं. कँटरबरीचे आर्चबिशप, लँबेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार परिषद आणि प्रायमेटांची (देशोदेशीच्या प्रमुख बिशपांची) सभा, जगभरच्या अँग्लिकनांना बांधून ठेवणाऱ्या या चारही गोष्टी आम्ही मानत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. कँटरबरीने बोलावलेल्या सभांना जाणार नाही, सल्लागार परिषदेला पैसे देणार नाही, आणि नव्या 'ग्लोबल अँग्लिकन कम्युनियन'चा, म्हणजे चर्चांच्या जागतिक संघाचा, पाया फक्त पवित्र शास्त्र. मार्च २०२६ मध्ये नायजेरियात अबुजाला त्यांच्या बिशपांची सभा ठरली.

मी इव्हँजेलिकल आहे. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, असं १९९८ च्या लँबेथ ठरावात म्हटलंय, तेच मी मानते. तरी ते पत्रक वाचून माझं समाधान झालं नाही.

मुळात कँटरबरीची खुर्ची रिकामी कशामुळे झाली? समलिंगी जोडप्यांच्या प्रार्थनांमुळे नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला मेकिन अहवाल आला आणि पाच दिवसांत तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बींनी राजीनामा जाहीर केला. तो अहवाल जॉन स्माइथबद्दल होता. हा माणूस आपल्याच गोटातला. मोठा वकील, आयवर्न ट्रस्टचा अध्यक्ष, नामांकित शाळांतल्या मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांमधलं वजनदार नाव. विंचेस्टरमधल्या आपल्या घरामागच्या बागेत एका शेडमध्ये नेऊन तो मुलांना रक्त येईपर्यंत छडीने मारायचा आणि हे तुझ्या पापाचं शासन आहे असं सांगायचा. १९८२ मध्ये त्याच वर्तुळातल्या पाळकांनी चौकशी करून अहवाल लिहिला. त्यात सगळं होतं. पोलिसांकडे मात्र कोणी गेलं नाही, कारण देवाच्या कार्याची बदनामी होईल! १९८४ मध्ये स्माइथ झिंबाब्वेला गेला, तिथे पुन्हा शिबिरं सुरू केली. १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. ब्रिटन आणि आफ्रिका मिळून सुमारे १३० मुलं आणि तरुण त्याच्या छळाला बळी पडले असावेत, असं अहवाल म्हणतो. २०१८ मध्ये तो केपटाउनला वारला. एकाही कोर्टाने त्याला दोषी ठरवलं नाही.

ऑक्टोबरच्या पत्रकात याबद्दल एक ओळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नवं कम्युनियन बांधायचंच असेल तर अबुजाला आधी हे ठरवा: तक्रार बिशपांच्या हाताबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडे जाईल, तक्रार असलेला बिशप चौकशी संपेपर्यंत पदावरून बाजूला होईल, आणि एका देशातला पाळक किंवा शिबिरवाला दुसऱ्या देशात गेला तर त्याची लेखी माहिती त्याच्या आधी तिथे पोचेल. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. स्माइथला झिंबाब्वेत नवी मुलं मिळाली ती तिथल्या आईबापांना कोणी काही नीट सांगितलं नव्हतं म्हणून.

डोंगरावरचं_नगर

ताई, स्माइथबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द मान्य. पण त्याचं ओझं गॅफकॉनच्या डोक्यावर का? २०१३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडला हे रीतसर कळलं होतं. तेव्हाच पोलिसांना नीट कळवलं असतं तर त्याला जिवंतपणी न्यायापुढे उभं करता आलं असतं, असं अहवालच म्हणतो. त्या वेळी कँटरबरीला कोण बसलं होतं? मग अशा खुर्चीपासून लांब होणाऱ्यांना जाब विचारायचा आणि खुर्चीला सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

आता मूळ मुद्दा. डिसेंबर २०२३ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना चालतात. त्या कामात पुढे कोण होतं? मुलालीच. एप्रिल २०२३ मध्ये रवांडात किगालीला गॅफकॉनच्या सभेत ५२ देशांतून १,३०० वर प्रतिनिधी जमले आणि आमचा कँटरबरीवर विश्वास उरला नाही असं लेखी देऊन मोकळे झाले. अडीच वर्षं वाट पाहिली. आणखी किती पाहायची?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप नेमतो इंग्लंडचा राजा, पंतप्रधानांच्या सल्ल्याने. नायजेरियात, युगांडात, केनियात चर्चं भरभरून वाहतात, लोक विश्वासासाठी जीव देतात, आणि त्यांचा 'समानांतला पहिला' कोण हे लंडनचं सरकारी ऑफिस सांगणार. साम्राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आपल्यासारख्यांनी तरी हे बोलायला हवं.

पावसाळी_पुणे

साम्राज्याचा मुद्दा मला पटतो. पण १९९८ चा जो ठराव सगळे हातात धरून बसलेत, त्यातला अर्धाच भाग का वाचला जातो? समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घ्या आणि त्यांच्याबद्दलच्या अविचारी भीतीचा निषेध करा, हेही त्याच ठरावात आहे. २०२३ मध्ये युगांडाने समलिंगी संबंधांविरुद्ध कायदा केला, त्यात काही प्रकरणांत थेट फाशी. तिथल्या अँग्लिकन आर्चबिशपांनी कायद्याचं स्वागत केलं. फाशीऐवजी जन्मठेप हवी होती, एवढीच त्यांची तक्रार. गॅफकॉनने त्यांना काय विचारलं?

आमच्या मंडळीत एक मुलगा उपासनेला कीबोर्ड वाजवायचा. नाताळच्या कॅरल पार्टीची सगळी तयारी त्याच्याकडे असायची. त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली, पास्टोरेट कमिटीतल्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या) एकांनी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन 'समजावलं', आणि पुढच्या रविवारपासून कीबोर्डवर दुसरं कोणी. त्याला एक प्रश्नही कोणी विचारला नाही. शास्त्राचा अर्थ तुम्ही लावा, मी लावीन, वाद होऊ दे. पण ते घर आज मंडळीपासून तुटलेलं आहे.

शरणपूरकर ताई, तुमच्या यादीत हीसुद्धा सुरक्षा येते का?

टेम्सकाठची_नर्स

मी गेली काही वर्षं लंडनमध्ये आहे आणि इथल्या एका इव्हँजेलिकल पॅरिशमध्ये जाते. गॅफकॉनवाले आणि उदारमतवादी, दोघंही आमच्या वतीने बोलतात, म्हणून इथे प्रत्यक्षात काय आहे ते लिहिते.

आमच्या चर्च कौन्सिलने धर्मप्रांताला जाणारा वार्षिक हिस्सा थेट देणं थांबवलंय. पैसे इफिशियन फंडातून जातात, म्हणजे ते विवाहाबद्दलची जुनी शिकवण मानणाऱ्या मंडळ्यांसाठीच वापरले जातात. विरोध आहे, पण आत राहून. आणि त्याचा उपयोग झाला! गॅफकॉनचं पत्रक निघालं त्याच आठवड्यात इंग्लंडच्या बिशपांनी सांगितलं की समलिंगी जोडप्यांसाठी स्वतंत्र उपासना हवी असेल तर सिनडच्या (चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेच्या) प्रत्येक सभागृहात दोन-तृतीयांश मतं लागतील. ती मिळणं सध्या जवळपास अशक्य. आम्ही वर्षानुवर्षं हेच मागत होतो. हे पदरात पडत असतानाच बाहेरून दार आपटल्याचा आवाज आला, तेव्हा आमच्या गृहसंगतीत काही जण रडले. मीही.

सुरक्षेबद्दल. आमच्या चर्चच्या दारातच मोठा बोर्ड आहे, त्यावर सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव, फोटो, फोन नंबर. मी संडे स्कूलला शिकवायला लागले त्याआधी माझी पोलिसांकडून पडताळणी झाली. खोलीत एकटी मोठी व्यक्ती आणि मुलं असं कधीच नसतं, दोघं लागतात. दाराला काच आहे. दुसरी शिक्षिका आजारी पडली तर वर्ग रद्द, मुलं आईबापांजवळ बसतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा, आपल्यावर संशय घेतात असं वाटायचं. मेकिन अहवाल वाचल्यावर तो गेला.

मात्र इंग्लंडचंही फार कौतुक नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरक्षेचं सगळं काम पूर्णपणे स्वतंत्र संस्थेकडे द्यायचा पर्याय सिनडपुढे होता. सिनडने अर्धवट स्वातंत्र्याचा पर्याय निवडला. पीडितांच्या तोंडाला पुन्हा पानं पुसली.

डोंगरावरचं_नगर

@टेम्सकाठची_नर्स तुमचं दुःख समजतं. पण दोन-तृतीयांशाची अट म्हणजे सत्य मतांवर सोडलं. आज अशक्य आहे, पुढच्या निवडणुकीनंतर शक्य होईल. एकट्याने सत्य सांगणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याच्या काळात बहुमत कोणाकडे होतं?

@पावसाळी_पुणे त्या मुलाशी जे झालं ते चूकच. त्याच्याशी पाळकांनी स्वतः बोलायला हवं होतं. पण प्रेमाने बोलणं आणि जे शास्त्र पाप म्हणतं त्याला आशीर्वाद देणं, या दोन गोष्टी मी एक मानणार नाही.

संत्रानगरी

सगळे इंग्लंड-आफ्रिका करताय. आपण कुठे आहोत?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला आमच्या नागपुरात स्थापन झालं. अँग्लिकन त्यातला एक प्रवाह, बाकी प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले. आजही आपण अँग्लिकन कम्युनियनचे सदस्य आहोत. म्हणजे उद्या प्रायमेटांच्या सभेचं बोलावणं आलं तर आपल्या मॉडरेटरांनी (आपल्या चर्चच्या प्रमुख बिशपांनी) जायचं की नाही, हा आपला प्रश्न आहे. माझ्या पास्टोरेटमध्ये यावर एक शब्द झालेला नाही. तुमच्याकडे झालाय का?

बाई आर्चबिशप झाली म्हणून नाराज असणाऱ्यांना सांगतो, चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्येच आंध्रात नंद्यालला स्त्री बिशप नेमली. गॅफकॉनमधल्या केनियातही स्त्री बिशप आहेत. तेव्हा निदान तो मुद्दा तरी पुढे करू नका.

पंडिता रमाबाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच तिथल्या सिस्टर आणि बिशप मंडळींनी काय मानावं, कोणाला शिकवावं हे ठरवायला सुरुवात केली. चेल्तनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून मुंबईच्या बिशपांनीही विरोध केला. बाईंनी ठामपणे कळवलं की माझी विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण ठेवलेली नाही. पंचविशीतली विधवा, परक्या देशात, लहान मुलगी पदरात. तेव्हा कँटरबरी सोडून किगाली किंवा अबुजाचा हुकूम घ्यायला मी तयार नाही. हे आपलं आपण ठरवायचं.

शरणपूरकर

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, आभार. एकेकाला उत्तर देते.

डोंगरावरचं_नगर दादा, चर्च ऑफ इंग्लंडचा दोष मी एका शब्दानेही कमी करत नाही. पण २०१३ च्या आधी तीस वर्षं होती. १९८२ चा तो अहवाल कँटरबरीच्या कपाटात नव्हता, इव्हँजेलिकल पुढाऱ्यांच्या कपाटात होता. शास्त्र नीट शिकवणारी, रोज पहाटे प्रार्थना करणारी माणसं होती ती. विवाहाबद्दलची त्यांची शिकवण तुमच्या-माझ्यासारखीच होती आणि त्या मुलांना तिचा काही उपयोग झाला नाही. विम्बल्डनच्या इमॅन्युएल चर्चबद्दल २०२१ मध्ये स्वतंत्र अहवाल आला, तिथेही तेच चित्र: एका लाडक्या, प्रभावी पाळकाभोवती सगळं वर्तुळ, आणि त्याच्याविरुद्ध तोंड उघडायची कोणाची हिंमत नाही. खुद्द गॅफकॉनमधल्या उत्तर अमेरिकेच्या चर्चमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रमुख आर्चबिशपांवर गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले आहेत, निकाल मी देणार नाही. पण चौकशी कोण करणार हा प्रश्न गॅफकॉनच्याच अंगणात उभा राहिला. कँटरबरी सोडल्याने तो सुटत नाही.

पावसाळी_पुणे, हो, येते. विवाहाच्या शिकवणीवर आपलं जमणार नाही. पण युगांडाच्या कायद्याचं स्वागत व्हायला नको होतं, हे मी इव्हँजेलिकल म्हणूनच सांगते. आणि त्या मुलाच्या वडिलांना ज्यांनी बाजूला घेतलं, त्यांना तो अधिकार कोणी दिला होता?

संत्रानगरी, मॉडरेटरांचा प्रश्न अगदी योग्य. पण त्याआधी आपल्या घरातलं बघू. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या आपल्याच एका बिशपांच्या घरावर आर्थिक गुन्हे शाखेचा छापा पडला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जमिनी आणि शाळांच्या भांडणांत आपल्या बैठका संपतात. शिबिरात मुलीला कोणी त्रास दिला तर तिने कोणाला फोन करायचा, हे तुमच्या चर्चच्या दारावर लिहिलंय? आमच्या नाही.

डोंगरावरचं_नगर

देशाबाहेर जाणाऱ्या पाळकाबरोबर लेखी माहिती जावी, ही मागणी मला मान्य आहे आणि ती गॅफकॉनने करायलाच हवी. स्वतंत्र मंडळाचं मात्र नाही. बिशपांचा न्याय मंडळीबाहेरच्या वकिलांनी करायचा, हे पौलाने करिंथकरांना जे लिहिलं (आपसातले दावे बाहेरच्यांपुढे नेऊ नका) त्याच्या विरुद्ध आहे. कँटरबरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

टेम्सकाठची_नर्स

दादा, पौल करिंथकरांना भाऊबंदांच्या आपसातल्या दाव्यांबद्दल सांगत होता. मुलाला मारणं हा फौजदारी गुन्हा आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढा, गुन्ह्याला शासन करायची तरवार सरकारच्या हातात दिलीय, ते तिथे आहे. १९८२ च्या त्या पाळकांनी हाच फरक केला नाही.