ऑक्टोबरमध्ये तण उगवून मारले, तरी डिसेंबरच्या कांद्यात चंदनबटवा कसा? मदत हवी आहे

निफाड तालुक्यात आमची दोन एकर काळी जमीन असून तीत दरवर्षी उन्हाळ कांदा असतो. निंदणीला बाया मिळेनाशा झाल्यापासून मी लागवडीआधीच तण उगवून मारण्याचा प्रयत्न करतो आहे. यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या रानाला पाणी भरले. सहाव्या दिवशी माठ आणि घोळ यांची हिरवी साय धरली आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) येताच हलक्या कोळपणीने ती मोडली. रान स्वच्छ झाले असे वाटले.

२० डिसेंबरला लागवड झाली. आंबवणीचे (लागवडीनंतरचे हलके) पाणी दिल्यानंतर पंधरवड्यात चंदनबटव्याचे तण इतके दाट आले की वीतभर चौकोनात मी चाळीस रोपे मोजली. माठ मात्र औषधालाही नव्हता.

मातीत पाच सेंटिमीटरवर खोचलेला थर्मामीटर ऑक्टोबरमध्ये दुपारी ३३ अंश दाखवत होता, डिसेंबरात पहाटे तो १३ वर आला. बी रुजायला नुसती ओल पुरत नाही, प्रत्येक तणाला सोसणारी उबेची मर्यादा वेगळी असते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे माठ-घोळ ही उबेची तणे ऑक्टोबरमध्ये जागी झाली आणि थंडीतल्या चंदनबटव्याचे बी ओल पिऊनही झोपून राहिले, अशी माझी समजूत आहे. परंतु लागवडीपूर्वी मी रोटाव्हेटरही फिरवला होता. खालचे बी त्याने वर आणले असेल आणि त्याला उजेड मिळाल्यामुळे ते रुजले असेल, हीही शक्यता उरतेच. पाटाकडची चार हात पट्टी रोटाव्हेटरविना राहिली होती. तिथेही चंदनबटवा आला, पण विरळ. म्हणजे दोन्ही कारणे थोडीथोडी खरी असावीत, असे वाटते.

पुढील हंगामासाठी मला असे विचारायचे आहे की, रोटाव्हेटर आधीच मारून, वाफे पाडून, नोव्हेंबरअखेरीस माती गार झाल्यावर दुसरे पाणी दिले तर चंदनबटवा दिसायला किती दिवस थांबावे? गार मातीत उगवण रेंगाळते आणि लागवड जानेवारीत ढकलली तर कांदा पोसण्याच्या वेळी ऊन गाठते, त्यामुळे दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त मला परवडत नाही. शिवाय बारीक बी बहुतेक वरच्या दोन सेंटिमीटरांतूनच उगवते आणि तो थर सुकला की अर्धवट फुगलेले बी तिथेच थबकते. म्हणून पाटाने एकदाच भरपूर पाणी देण्याऐवजी तुषार संचाने दिवसाआड हलके पाणी द्यावे काय?

तणनाशकांची माहिती मला आहे, ती कृपया नको. कोणी हे करून पाहिले असल्यास जमिनीचा प्रकार, पाणी दिल्याची तारीख आणि पहिले तण दिसल्याची तारीख एवढे कळवले तरी माझे काम भागेल.