इंडियन क्रीक, थँक्सगिव्हिंग कॅम्प: पाण्याच्या रकान्यात एकही नाव नाही

प्राची (डेन्व्हर): युटातल्या आपल्या कडे चढायच्या कॅम्पच्या शीटवर (कोण काय आणणार त्या यादीत) खाण्याचे पदार्थ भरभरून आलेत, दोन घरं गुलाबजाम आणतायत. पाण्याचा रकाना मात्र रिकामा. आपल्या कॅम्पग्राउंडवर नळ नाही. माणसं २४, मुक्काम ४ दिवस. माणशी रोज १ गॅलन धरला तरी ९६ गॅलन. भांडी वेगळी.

शुभदाकाकू: अगं, वाटेत मोआब गावात घेऊ की बाटल्या.

मंदार: काकू, थँक्सगिव्हिंगला दुकानं उघडी असतील या भरवशावर जायला नको. आणि छोट्या बाटल्यांचा कचरा आपल्यालाच परत आणायचाय. ५ गॅलनचे तोटीवाले कॅन घ्या. भरलेला कॅन १९ किलो, एकट्याला उचलतो. ७ गॅलनचा २६ किलोच्या वर जातो, तो नको.

रोहन (फ्रीमाँट): मी माझी टेबलावरची गॅस शेगडी आणि गॅसचे आठ कॅन आणतोय. चहाची सोय झाली 👍

मंदार: गॅस विमानातून नेता येत नाही रे. आणि तिकडे विकत घेतलेस तरी ते ब्यूटेन. उणे अर्ध्या अंशाखाली ब्यूटेन डब्यात द्रवच राहतो, दाब तयार होत नाही. नोव्हेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली असतो, म्हणजे पहाटे ज्योत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. मी २० पौंडांची टाकी आणि जोडनळी आणतो. २०,००० बीटीयूचा (म्हणजे मोठ्या आचेचा) एक बर्नर पूर्ण ज्योतीवर त्यात साधारण २१ तास चालतो. १ पौंडाचा छोटा सिलिंडर तासाभरात संपतो.

प्राची: पाण्याचा रकाना?

वैशालीवहिनी: पाणी आणा नाहीतर नका आणू. गेल्या वर्षी भांडी कुणी घासली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शुभदाकाकू: वैशाली, तो विषय इथे कशाला?

वैशालीवहिनी: कुठे काढू मग काकू? इथेच तर सगळे आहेत.

मंदार: वहिनी, तुमचं बरोबर आहे. या वेळी तीन टब ठेवू: साबणाचा, विसळण्याचा, शेवटचा ब्लीचच्या थेंबांचा. आधी प्रत्येकाने आपलं ताट कागदाने कोरडं पुसायचं. तेलकट ताट थेट टबात गेलं की पाणी पाच मिनिटांत बदलावं लागतं, सगळं पाणी तिथेच जातं. खरकटं गाळून पिशवीत भरायचं, ओढ्यात काही ओतायचं नाही.

अनिकेत: सुपरक्रॅक या चढाईसाठी एकाच मापाचे पाच-सहा कॅम (भेगेत अडकवून दोर लावायचं साधन) लागतील. तिथली भेग वरपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीची आहे, सगळ्या मापांचा एकेक आणून उपयोग नाही. कुणाकडे काय आहे ते लिहा. हात टेपने बांधायचे, नाहीतर पहिल्याच दिवशी कातडी जाईल. आणि पाऊस झाला तर एक-दोन दिवस चढायचं नाही. तो सँडस्टोन भिजला की ठिसूळ होतो, कॅम भेगेची कड फोडून बाहेर येतो.

प्राची: अनिकेत, कॅमचा वेगळा ग्रुप आहे. पाणी. ९६ गॅलन.

शुभदाकाकू: मी राजमा भिजवून आणते. आणि एअरबेड पण आणतेय, माझ्या कमरेला जमीन सोसत नाही.

मंदार: काकू, डेन्व्हरवाल्यांना माहीत आहे, तुमच्यासाठी सांगतो. तिथली उंची ५,००० फुटांच्या आसपास, पाणी ९५ अंशालाच उकळतं. राजमा कुकरशिवाय शिजायला फार वेळ लागेल, मोठा कुकर मी घेतो. आणि एअरबेड नको. आतली हवा थंड पडून इकडून तिकडे फिरत राहते आणि पाठीची सगळी ऊब ओढून घेते. आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) ४ च्या वरची मॅट घ्या, खाली अजून एक फोमची. कमरेलाही तीच बरी.

रोहन: नाहीतर काकू, गुलाबजामच्या गरम पाकात झोपा 😄

शुभदाकाकू: तू ये आधी, मग बघते तुझ्याकडे.

मंदार: थट्टा राहू दे, पण एक गोष्ट जिवाची आहे. तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवून ऊब घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उशाशी गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली चालेल.

स्मिता: मुलांच्या टॉयलेटचं काय?

प्राची: कॅम्पग्राउंडवर टॉयलेट आहे, कड्यांपाशी नाही. तिथे वॅग बॅग (शौचासाठीची बंद होणारी पिशवी) वापरायची आणि परत आणायची. पुरून चालत नाही. कोरड्या वाळूत कुजवणारे जीव फार कमी, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. माणशी तीन धरून ७२ पिशव्या मी मागवल्यात. मुलांना अजून एक बजावा: जमिनीवरचा काळसर, खडबडीत थर जिवंत असतो, त्यावर पाय नको. एक पाऊल भरून यायला दशकं लागतात. चालायचं पायवाटेवर, खडकावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून.

रोहन: मग तंबू पण ओढ्याच्या वाळूतच ठोकू, मऊ आहे.

मंदार: अजिबात नाही. वर दूर कुठेतरी पाऊस झाला तरी ओढा भरतो. शिवाय वाळूत साध्या खुंट्या वाऱ्याने उपटतात. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरा.

प्राची: चौथ्यांदा विचारते. पाणी.

मंदार: सात गाड्या, प्रत्येकीत तीन कॅन. २१ कॅन, १०५ गॅलन. सगळे एकाच गाडीत टाकले तर ४०० किलो होतात, भाड्याच्या गाडीचं मागचं टोक बसेल. फ्रीमाँटवाल्यांनी सॉल्ट लेकला उतरून रिकामे कॅन विकत घ्या, मोआबला भरा. पुढे ४० मैलांवर २११ नंबरच्या रस्त्याचा फाटा, तिथून आत काही मिळत नाही. पेट्रोलही मोआबलाच, फोनचे नकाशेही तिथेच उतरवून घ्या.

शुभदाकाकू: आमचे तीन लिही.

अनिकेत: आमचेही.

प्राची: बाकीच्या पाच गाड्यांनी रात्री नऊपर्यंत लिहा. आणि रात्री कॅन बाहेर राहिला तर तोटी गोठते. सकाळच्या चहाचं पाणी संध्याकाळीच पातेल्यात काढून ठेवायचं. त्यावर बर्फ धरला तरी पातेलं शेगडीवर ठेवता येतं. सूर्य पाचच्या सुमारास जातो, म्हणून हे काम साडेचारला.

वैशालीवहिनी: भांडी: गुरुवार रोहन-अनिकेत, शुक्रवार मंदार-स्मिता, शनिवार आम्ही.

रोहन: वहिनी, गुरुवारी सगळ्यात मोठं जेवण असतं. शनिवार द्या ना.

वैशालीवहिनी: गुरुवारच.