सगळ्यांमध्ये 'बसण्या'साठी माणसाने स्वतःला किती घासायचं?

शेवटचा_बाक
बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहून टाकतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही ऑफिसातले पाच जण, कधी सहा, रोज दुपारी वीसेक मिनिटं चक्कर मारायला बाहेर पडतो. रस्ता रुंद असतो तोवर सगळे एका ओळीत. पुढे अरुंद झाला की दोघं-दोघं होतात आणि दर वेळी, म्हणजे अक्षरशः दर वेळी, मी मागे एकटा. कोणी ढकलत नाही हां. मीच आपला बुटाची लेस बघितल्यासारखं करतो नाहीतर फोन काढतो, म्हणजे मागे राहणं माझ्या मर्जीचं दिसावं. तर त्या दिवशी पुढून हसण्याचा आवाज आला आणि मीपण हसलो. जोक मला ऐकूच आला नव्हता! मग पुढची दहा पावलं स्वतःचीच इतकी लाज वाटली ना.

मग घरी येऊन मागचा हिशेब काढला. मला अजिबात न आवडणाऱ्या सिरीज जागून बघितल्या कारण सोमवारी त्यावर बोलतात. पटत नसताना 'हो ना' किती वेळा म्हटलं त्याची गणतीच नाही. आणि एक तर असं, की एका सहकाऱ्याची टिंगल चालली होती, खरं तर मला तो माणूस आवडतो, आणि मी त्यात माझं एक वाक्य टाकलं. सगळे खो खो हसले. तीन वर्षांतला माझा सगळ्यात हिट जोक तोच.

तर माझं मत असं झालंय की 'मिसळून राहावं माणसाने' हे सगळं फसवं आहे, तुम्ही मिसळत नाही, विरघळता. महिना झाला मी सोडून दिलंय. चक्कर मारायला जातो कारण डॉक्टरने पाठीसाठी चालायला सांगितलंय, पण खोटं हसत नाही. जसा आहे तसा आहे, घ्यायचं तर घ्या. तुम्हाला काय वाटतं?

गोगलगाय
+१००. अगदी माझंच लिहिलंय असं वाटलं. मी एका ग्रुपमध्ये मेसेज टाइप करते, खोडते, परत करते, मग वाटतं की आता विषय पुढे गेला, आणि शेवटी एक अंगठा टाकून मोकळी होते. अर्धा तास गेला एका अंगठ्यात!

आणि गंमत म्हणजे समोरच्याचं आपल्याकडे तेवढं लक्षच नसतं. 2000 सालचा एक प्रयोग आहे, थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असा एका गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालून खोलीत पाठवलं आणि विचारलं किती जणांनी बघितलं असेल. त्यांना वाटलं निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात चौथा हिस्सासुद्धा जेमतेम. तेव्हापासून मी ठरवलं, कशाला मरायचं यांच्यासाठी. सोडलंत ते बरं केलंत.

तिरकस
मला नाही पटलं. 'घ्यायचं तर घ्या' हे मोकळ्या माणसाचं बोलणं नाही, रुसलेल्या माणसाचं आहे.

दुसरं म्हणजे हा 'जसा आहे तसा' माणूस नक्की कोण? तुमची बोलण्याची ढब, चालणं, शिव्या, सगळं कुणाचं तरी बघूनच आलेलं आहे ना. लहान मुलाशी बोलताना आपण आवाज बारीक करतो, म्हाताऱ्या माणसाशी मोठा करतो, ते काय ढोंग आहे? समोरच्याप्रमाणे थोडं वाकणं याला साध्या भाषेत माणुसकी म्हणतात. टिंगलीचा प्रकार वाईटच, पण तो मिसळण्याचा दोष नाही, तो तुमचा त्या क्षणीचा भित्रेपणा होता. ढोबळ बोलतोय, राग मानू नका.

आणि मैत्रीला वेळ लागतो हो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा अभ्यास केला होता. तोंडओळखीतून जुजबी दोस्ती व्हायला साधारण 50 तास, नीट मित्र व्हायला 90 आणि जिगरी व्हायला 200 च्या वर. तुमचे रोज वीस मिनिटं, वर्षाला 240 दिवस धरले तर 80 तास, तीन वर्षांत 240. म्हणजे कागदावर जिगरी यार पाहिजे होते. पण मागून चाललेले तास कुठे धरणार?

शेवटचा_बाक
@तिरकस राग नाही. भित्रेपणा होता हे मान्य. पण मग पुढे जायचं कसं तेही सांगा ना, दोघांच्या मध्ये घुसू?

गोगलगाय
@तिरकस त्याच अभ्यासात असंही आलंय की नुसतं कामानिमित्त एकत्र काढलेल्या तासांनी फारसं काही होत नाही. तेवढं सोयीस्कर विसरलात.

तिरकस
चक्कर मारणं हे कुठे काम आहे? असो, मुद्दा घेतला.

उंटावरचा
झालं, प्रयोग निघालेच आहेत तर माझाही एक. सॉलोमन अ‍ॅश, 1951. एका खोलीत सात-आठ जण, एक रेघ दाखवायची आणि तिच्याएवढी लांब रेघ तीनांतून ओळखायची. उत्तर शेंबडं पोर देईल इतकं सोपं. पण खोलीतला एकच जण खरा, बाकी सगळे आधीच पढवलेले, ते मुद्दाम एकमुखाने चूक सांगतात. तर चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून गर्दीचं उत्तर दिलं. म्हणजे शेवटचा_बाक, न ऐकलेल्या जोकवर हसणारे तुम्ही एकटे नाही, आख्खी मानवजात हसतेय.

पण त्याचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत. त्या पढवलेल्यांमध्ये एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर गर्दीमागे जाण्याचं प्रमाण धाडकन खाली येतं. अख्खा ग्रुप आपला असावा लागत नाही, एक पुरतो. तुम्ही पाच जणांत बसायचा आटापिटा करताय, एकच पकडा ना.

शेवटचा_बाक
एकच पकडायला तो एक मोकळा तर पाहिजे. सगळे जोडीने चाललेत म्हटलं ना.

अडखळत
मी सहसा लिहीत नाही पण वरचं 'जसा आहे तसा' वाचून राहवलं नाही.

मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. सगळ्यात जास्त कुठे अडकतो माहितीये, स्वतःच्या नावावर, कारण बाकी शब्द बदलता येतात, नाव बदलता येत नाही. नवीन लोकांत ओळख करून द्यायची वेळ आली की गोल फिरत फिरत पाळी माझ्याकडे येते, चार जण राहिले, तीन राहिले, आणि कोण काय बोलतंय ते एक अक्षर ऐकू येत नाही. बाकी वेळी मी वाक्य सुरू करायच्या आधीच पुढे कुठला शब्द अडकणार ते बघून ठेवतो आणि दुसरा घेतो. लोकांना वाटतं हा विचार करून बोलतो. विचार कसला, वळसे घालतोय.

आता तुम्ही सांगा, हे स्वतःला घासणं आहे की नाही? आहेच. चोवीस तास आहे. पण ते केलं म्हणून इंटरव्ह्यूत शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणून नोकरी आहे. 'घ्यायचं तर घ्या' म्हणून मी बसलो असतो तर नसतं घेतलं कोणी, आणि बरेचदा नाहीच घेतलं. हा सल्ला त्यांनाच परवडतो ज्यांच्याकडे लोक आधीच माणूस म्हणून बघतायत. मला पश्चात्ताप नाही. एवढंच आहे की ज्या लोकांमध्ये मी बसलोय त्यांना माझा खरा आवाज माहीत नाही. एकाला माहीत आहे. त्याच्यासमोर मी मनसोक्त अडकतो, तो वाक्य पुरं करून देत नाही, नुसता थांबतो.

गोगलगाय
@अडखळत शेवटचं वाक्य परत वाचलं. माझं 'कशाला मरायचं' मागे घेते, निदान तुमच्यापुरतं.

उंटावरचा
थांबतो हे भारी आहे.

मधली_सुट्टी
गोगलगाय ताई, मागे घेऊ नका पण त्यात एक गडबड होतीच. आपल्याला फरक पडत नाही असं ठरवून फरक पडायचा थांबत नाही. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ बागेत बसले होते, त्यांच्याकडे एक फ्रिस्बी घरंगळत आली. त्यांनी परत फेकली, तर ते दोघं अनोळखी खेळाडू यांच्याकडेही फेकायला लागले, आणि थोड्या वेळाने काही न बोलता थांबले. दोन मिनिटांपूर्वी ज्यांना ओळखतही नव्हते त्यांनी फ्रिस्बी दिली नाही म्हणून या माणसाला इतकं लागलं की त्यांनी त्याचं पुढे कॉम्प्युटरवरच्या चेंडूफेकीत रूपांतर करून वर्षानुवर्षं प्रयोग केले. 2007 मध्ये तर त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला चेंडू न देणारे कू क्लक्स क्लॅनचे आहेत. म्हणजे ज्यांच्यात जायचं कुणाच्या स्वप्नातही नसतं अशा वर्णद्वेषी टोळीचे. तरी लागलंच! तेव्हा शेवटचा_बाक, 'सोडून दिलंय' म्हणता आणि एवढा मोठा धागा काढता, यातच सगळं आलं.

शेवटचा_बाक
😅 पकडलंत. हो, लागतं. महिनाभर हसलो नाही तर कुणाच्या लक्षातही आलं नाही, ते जास्त लागलं. पण म्हणून परत खोटं हसायला सुरुवात करू का? अडखळतचं वेगळं आहे, त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. माझं तसं काही नाही, मी नुसता कंटाळवाणा आहे.

तिरकस
कंटाळवाणा माणूस असं लिहीत नाही. पुढच्या वेळी जोक ऐकू आला नाही तर 'काय म्हणालास?' एवढं विचारा. खोटं हसण्यापेक्षा सोपं आहे आणि खरंही आहे.

शेवटचा_बाक
विचारलं होतं एकदा. 'अरे काही नाही' आलं उत्तर. ते 'काही नाही' ज्याला आलंय त्यालाच कळेल.

गोगलगाय
आई गं. हो. 'काही नाही'.

मधली_सुट्टी
एक विचारू का? मगाचपासून खटकतंय. तुम्ही पाच असता तेव्हा दोन, दोन आणि तुम्ही, कळलं. पण वर लिहिलंय 'कधी सहा'. सहा असले की तीन जोड्या होतात. मग त्या दिवशी तुम्ही एकटे कसे?

शेवटचा_बाक
सहावा नवीन आहे, दोन महिने झाले असतील. रोज येत नाही. तो आमच्यात नसतो तसा, माझ्याही मागे असतो जरा अंतर ठेवून, फोनमध्ये डोकं घालून चालतो. त्याला एकट्यालाच आवडत असावं.

गोगलगाय
फोनमध्ये.

तिरकस
मधूनच बुटाची लेस पण बघतो का हो?

शेवटचा_बाक
च्यायला.