मदत हवी आहे : आल्टो सॅक्सोफोनचे खालचे स्वर लागत नाहीत (सांगली)

मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. बासरी बरीच वर्षं वाजवतोय, आता सॅक्सोफोनचं खूळ डोक्यात शिरलंय. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका काकांकडून जुना, मेरठी बनावटीचा आल्टो घेतला. पितळ काळवंडलंय, पण वाद्य दणकट. इकडे क्लॅरोनेट, ट्रंपेटवाले भेटतात, सॅक्स शिकवणारं मला तरी कुणी सापडलेलं नाही.

डाव्या हाताच्या तीन बोटांचे स्वर छान लागतात. उजवा हात कामाला लागला की आवाज घोगरा होतो. अगदी खालचे सी, बी, बी फ्लॅट तर गुळण्या केल्यासारखे गुरगुरतात, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात. जोरात फुंकलं की आणखीच बिघडतं. रीड (माउथपीसला लावायची वेताची पट्टी) दोन नंबरची होती, अडीचची लावून पाहिली, फरक शून्य. त्यात जी शार्पचं झाकण चिकटून बसतं, चावी दाबली तरी उघडत नाही. दोष माझ्या फुंकेचा की वाद्याचा, हे ओळखायचं कसं? मिरजेत सतारमेकर गल्लीतही विचारून आलो. तिथं काम भोपळ्याचं आणि तारांचं, सॅक्सचे पॅड, म्हणजे झाकणांखालच्या गाद्या, कोण बघणार!

दुसरं पट्टीचं. आमच्या भजनी मंडळाची पेटी काळी एकवर. आल्टोवर सी वाजवला की पेटीची काळी दोन निघते, म्हणून काळी एकसाठी मी बी फ्लॅटला सा धरतो. तेवढं जमतं. पण कुणी पांढरी दोनवर गायला बसलं की माझा सा येतो बी वर, म्हणजे त्या पट्टीत पाच शार्प, अर्ध्या स्वरानं चढवलेले! बासरीवाला दुसरी बासरी उचलून मोकळा होतो. तुम्ही काय करता, बाराही पट्ट्या घोटता की टेनरही (आल्टोपेक्षा मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्स) बाळगता?

आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं? बासरीत बोट हळूहळू सरकवतो, इथं भोकांवर झाकणं. सॅक्सवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांची गमकं (स्वरांची आंदोलनं) ऐकली की वाटतं, त्यांचं वाद्यच वेगळं असणार.

प्रतिसाद १
दादा, आधी वाद्य तपासा, फुंकेचं नंतर बघू. खोली अंधारी करून एलईडीची बारीक माळ नळीत सोडा आणि चाव्या हलक्या हातानं मिटा. जिथून उजेड दिसेल ते पॅड गळतंय. खालच्या स्वराला वरची सगळी झाकणं घट्ट बसावी लागतात, म्हणून वरचं एक पॅड गळलं तरी खालचे सगळे स्वर बोंबलतात. चाव्या आवळून धरल्यावर स्वर निघत असेल तर गळती नक्की. जी शार्पखाली सिगारेटचा कागद ठेवून ओल टिपून घ्या.

पट्ट्या घोटायच्याच. टेनरवर पांढरी दोनला सा येतो ई वर, चार शार्प. एका शार्पसाठी दुसरं धूड गळ्यात कशाला?

मींड जबड्यात आणि घशात असते. नुसता माउथपीस फुंका, आल्टोला साधारण पांढरी सहा लागली पाहिजे. तिथून घसा सैल सोडत स्वर खाली ओढा. वरच्या स्वरांना हे लवकर साधतं, खालचे हट्टी असतात.

धागाकर्ता
गणपतीतली माळ सोडून बघितली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पॅडला चांगली फट आहे, जी शार्पलाही थोडी. आता जयसिंगपूर-कोल्हापूरकडे पॅड बसवून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा, काकांच्या ओळखीचा कारीगर आता काम करत नाही.